निळा थेंब आणि कोशाचं सूत

माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक छोटं चाक जोडलेलं आहे. लहानपणीच्या पोलिओमुळे माझा डावा पाय भार घेत नाही. मोहाडीच्या घरून भंडाऱ्यातल्या लॅबमध्ये मी याच गाडीवर जाते आणि कुणाची वाट न बघता जाते. ही छोटी चाकं लोखंडी पट्ट्यांवर बसतात आणि पट्ट्या चार बोल्टांवर. आमच्या रस्त्याच्या हादऱ्यांनी ते बोल्ट महिनाभरही घट्ट राहत नाहीत.

एकदा डावं चाक चालत्या गाडीत डगडगलं आणि गाडी कलली. पडले नाही, एवढंच. नवरा म्हणाला, "बंद कर ही गाडी. एसटीनं जात जा." एसटीची पायरी किती उंच असते, हा विचार त्याला कधी करावा लागलेला नाही.

मिस्त्रीकडे गेले. त्यानं बोल्टच्या आट्यांवर नट जखडून ठेवणारा लाल द्रव ओतला. "आता जन्मात नाही सुटत, ताई."

खरंच सुटेना. नंतर मागचं चाक पंक्चर झालं. ते काढायचं तर आधी या पट्ट्या काढाव्या लागतात. मिस्त्रीनं पान्याला पाइप लावून जोर दिला, तर एका बोल्टचं डोकंच तुटलं. दुसऱ्याला ज्योत दिली. नट सुटला, पण शेजारचं प्लास्टिकही वितळलं.

"तुम्हीच म्हटलं होतं न, सुटला नाही पाहिजे म्हणून," तो म्हणाला.

"हादऱ्यानं सुटू नये. पान्यानं सुटला पाहिजे."

"दोन्ही कसं जमन ताई?"

जमतं. गाडी त्याच्याकडे पडून होती तेवढ्यात मी सगळं वाचून काढलं. लाल कायमच्या जोडासाठी, तो तापवल्याशिवाय सोडत नाही. निळा मध्यम पकडीचा, जिथे पुन्हा उघडायचं आहे तिथे तो. कंपनीगणिक रंग बदलू शकतो, म्हणून बाटलीवरचं वाचायचं. हे काही अवघड नाही. पण ते भंडाऱ्यातल्या दुकानदारांना सांगून बघा.

"चिकटवाचं आहे न? हे घ्या, लाकूड, चप्पल, सगळं चिकटते."

"चप्पल नाही, नट आहे. मध्यम पकडीचा द्या."

"मध्यम कायले, ताई? कडकच घ्या न."

शेवटी बेअरिंगच्या एका दुकानात निळ्याची बाटली मिळाली. मुदत उलटलेली नव्हती, हे आधी बघून घेतलं. पुढचं काम मिस्त्रीला करू दिलं नाही. नवे बोल्ट स्पिरिटनं पुसले, कारण तेलकट आट्यांवर हे धरत नाही. कोरडे झाल्यावर नट जिथे बसतो तिथे एक थेंब लावला, नट कसले आणि रात्रभर गाडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटणार.

आठवड्यात डावीकडची रेघ तुटली.

मी दुकानदाराला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. आता घरचे मला त्या गाडीवर बसू देणार नव्हते, आणि त्यांचं चुकतंय असं म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. नट उघडला. आट्यांमधून निळ्या चुऱ्याबरोबर तेल लावलेलं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत निघालं.

घरात कोशाचं सूत एकाच माणसाच्या हाताशी असतं. सासरे, आमचे मामाजी, अजून रोज हातमागावर बसतात. मागाच्या ठोक्यांनी नट ढिले होऊ नयेत म्हणून विणकर आट्यांवर तेलातलं सूत गुंडाळतात. म्हणजे नट हादऱ्यानं फिरला नव्हता, त्यांनी पान्यानं उघडला होता. मी सूत त्यांच्यासमोर धरलं.

"मामाजी, हे काहून केलं?"

ते जराही गडबडले नाहीत. "तुह्या बाटलीतला थेंब बशीत टाकून पाह्यला मी. सकाळीबी ओलाच. वाळूनच नाही राहिला! पाण्याच्या भरवशावर सुनेले रस्त्यावर सोडू का?"

मला राग धरून ठेवता येईना, याचाच जास्त राग आला. तो द्रव उघड्यावर वाळतच नाही. हवा नसलेल्या जागी, लोखंडाला लागून, तो घट्ट होतो. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी बशी घेतलीच असती.

मग एक सुटा बोल्ट पुसला, थेंब लावला, नट कसला आणि दुसऱ्या दिवशी पान्यासकट त्यांच्या हातात दिला. ते अंगणात बसून झगडले. बोटांनी नट हलला नाही. पान्यानं, बराच जोर लावल्यावर, कच्चकन सुटला.

"सुटला पाह्य!" ते जिंकल्यासारखे म्हणाले.

"सुटायलाच पाहिजे, मामाजी. पंक्चर कसं काढायचं मग?"

"मंग मिस्त्रीचा लाल काय वाईट होता?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नवरा दारात उभा राहून हसत होता. त्याला म्हटलं, तू एसटीनं जा.

चारही बोल्ट परत काढले, सूत वेचलं, आटे पुसले, थेंब, कसणं, रात्रभर थांबणं, रेघ. या वेळी पाना माझ्या कपाटात ठेवला. सकाळी गाडी काढायला गेले तर प्रत्येक नटावर बाहेरून सूत गुंडाळून गाठ मारलेली. आट्यांना धक्का नाही, पण माझ्या रेघा नेमक्या झाकलेल्या.

"आता तं आतमधी नाही न टाकलं?" मामाजी ओसरीवरून म्हणाले.

पावसाळा सरला. नट जागचे हलले नाहीत आणि एसटीचं नाव घरात निघत नाही. मी रोज भंडाऱ्याला पोचले की लॅबसमोर वाकून चार ठिकाणी सूत नखानं सरकवते, रेघ बघते आणि सूत परत जागेवर आणते. संध्याकाळी घरी आले की मामाजी विचारतात, "सूत घट्ट आहे न?"

"आहे," मी म्हणते, आणि डावा पाय आधी उंबऱ्याच्या आत घेते.