माहेरवाशिणींचा वर्ग

पद्माक्कांची आणि माझी पहिली भेट शाळेत झाली नाही. ती सदलग्याच्या शिवारात, तंबाखूच्या रानात झाली. मी सात-आठ वर्षांची असेन. आईबरोबर पाने खुडत होते, हात चिकाने काळे पडले होते, आणि बांधावरून पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई येताना दिसल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

"पोरगी शाळंत का न्हाय?" त्यांनी आईला विचारले.

"एवढं हातातलं काम संपू दे आक्का, मग बघू."

या 'मग'चा त्यांना चांगलाच अनुभव होता. त्यांनी पदर खोचला आणि आमच्या शेजारची ओळ धरली. आई घाबरली. "आवो, लुगडं खराब हुईल की!"

"हुंदे. ही ओळ संपली की पोरगी माझी."

ओळ संपली आणि आईला शब्द फिरवता आला नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते.

आक्का मूळच्या सदलग्याच्याच. जैन शेतकरी घराणे. घरात कानडी, शाळेत मराठी. याच शाळेत त्या शिकल्या, तेव्हा ती चौथीपर्यंतच होती. लहानपणीच वैधव्य आले. वडिलांनी गावाचे बोलणे कानाआड करून त्यांना पुण्याला ट्रेनिंगला पाठवले. पुढे बेळगावच्या एका मोठ्या शाळेत त्यांचा उत्तम जम बसला. ते सगळे सोडून त्या परत आल्या, तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले. "माझ्या मागच्या पोरी अजून चौथीतच अडकून बसल्यात," एवढेच त्या म्हणाल्या. खटपट करून त्यांनी वरचे वर्ग सुरू करवून घेतले.

त्यांच्या शिकवण्याची एक गोष्ट सांगते. बाहेरगावच्या एक बाई आमच्या शाळेत शिकवायला आल्या होत्या. तोंडी हिशेब घातला की निम्म्या मुली गप्प बसत आणि बोटांची पेरे चाचपत. बाईंनी त्यांना मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवले. आक्कांनी त्या मुलींना पुन्हा पुढे आणले. त्या घरी कानडी बोलणाऱ्या मुली होत्या. मनात कानडीत मोजायचे आणि उत्तर मराठीत द्यायचे, असा त्यांचा दुहेरी कारभार. आक्का स्वतः लहानपणी तेच करत आल्या होत्या. "बाई, त्या घरी जाऊन मोजून येत्यात. वाटंत थोडा वेळ लागणारच," त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या शाळेत प्रश्न विचारून झाला की थांबायचे, हा नियम झाला. उतावळ्या स्वभावाच्या मला पुढे शिकवताना तो पाळणे फार जड गेले, हे आक्का अजून चारचौघांत सांगतात आणि स्वतःच मनापासून हसतात.

आता त्यांच्या दुसऱ्या नियमाकडे येते. आमच्याकडे नागपंचमीला लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. घरोघरी लाह्या, लाडू, झाडाला झोके. आक्कांचा दंडक असा की, शाळेत शिकलेल्या प्रत्येक माहेरवाशिणीने पंचमीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन एक पाठ घ्यायचा. कुणी गणित घेई, कुणी भूगोल. एकीने तर लाडूचा पाक कधी उतरवायचा हेच फळ्यावर चित्र काढून शिकवले. आक्का मागे बसून ऐकत. आम्हांला ती त्यांची हौस वाटायची. त्या माणूस शोधत होत्या, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

कारण शाळा अडचणीत होती. ट्रेनिंग झालेली आणखी एक शिक्षिका मिळाली नाही तर चौथीपुढचे वर्ग बंद होतील, अशी इन्स्पेक्टरांनी समज दिली होती. मोठ्या मुली मास्तरांच्या हाताखाली बसवायला गाव तयार नव्हते आणि बाहेरच्या बाया टिकत नव्हत्या. एकीला तर दूधगंगेचा पूर पाहूनच धडकी भरली. आक्कांनी पोटच्या मुलीसारखी वाढवलेली शाळा पुन्हा चौथीवर येऊन थांबणार, अशी वेळ होती.

त्या पंचमीला मी चिकोडीहून माहेरी आले होते, कडेवर वर्षाची लेक. माझा पाठ झाला आणि आक्का म्हणाल्या, "गोदे, तू पुण्याला जायाचंस." यजमानांची हरकत नव्हती, पण आमच्या घरात शब्द चाले तो सासूबाईंचा. त्या मला न्यायला स्वतः बैलगाडी घेऊन आल्या, तेव्हा आक्का आमच्या सोप्यावर वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी ट्रेनिंगचा विषय काढला.

"सून मास्तरीण झाली तर भाकरी कोण थापणार? तुमी?" सासूबाईंनी विचारले.

"थापीन की. मला येत्यात."

"न्हाय जमायचं."

"नगं तर नगं. पर गाडी जुंपायच्या आदी हिचा एक पाठ बघून जावा. मग न्हाय म्हणा."

सासूबाई हट्टाने शाळेत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पण समोर मुली होत्या. हळूहळू मी सासूबाईंना विसरले. प्रश्न विचारला, थांबले, पुन्हा विचारला, एका मुलीला मोठ्याने शाबासकी दिली. पाठ संपला तेव्हा सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या होत्या.

"एवढा आवाज हुता व्हय गं तुला?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कंदी ऐकला न्हाय मी."

उठताना त्यांनी माझ्या कडेवरून लेकीला घेतले. "ही माझ्यापाशी ऱ्हाईल. तू जा. पर शिकून आलीस की हिला बी असंच बोलाय शिकीव."

मी पुण्याहून परतले आणि चौथीपुढचे वर्ग वाचले. यजमानांनी चिकोडीहून सदलग्याला बिऱ्हाड हलवले. सासूबाई सगळ्यांत आधी गाडीत बसल्या. माझ्यामागून आणखी माहेरवाशिणी ट्रेनिंगला गेल्या. आज शाळेतल्या झाडून साऱ्या शिक्षिका आक्कांच्याच विद्यार्थिनी आहेत. सासूबाईंच्या मांडीवर वाढलेली माझी लेकही त्यांत आहे, आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे.

आक्का कडक आहेत, हे खरे. उशिरा येणाऱ्या शिक्षिकेला त्या काही बोलत नाहीत, नुसते दाराकडे बघतात. ते बोलण्यापेक्षा वाईट. पण मी तापाने पडले होते तेव्हा त्या रोज शाळा सुटल्यावर येऊन भाकरी थापून ठेवत आणि दिवस मावळायच्या आत आपले जेवण उरकायला घाईने घरी परतत. सासूबाईंना दिलेला शब्द त्यांनी असा पाळला. एवढी माया मला माहेरीही मिळाली नाही, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

यंदा आक्का सेवानिवृत्त होऊन पुतण्याकडे बेळगावला राहायला जात आहेत. त्यांच्या आयुष्यात पंचमी कधी आलीच नाही. सासर सुरू होण्याआधीच संपले. पंचमीला त्यांना आणायला कधी कुणी गेले नाही. गावभरच्या लेकी झोक्यावर असताना त्या शाळेत बसून दुसऱ्या दिवशीचे वर्ग लावत असत.

म्हणून आम्ही साऱ्या विद्यार्थिनींनी ठरवले आहे की, दर पंचमीला सदलग्याहून बेळगावला मुराळी जाईल आणि आक्कांना माहेरी घेऊन येईल. शाळेच्या अंगणातल्या चिंचेला झोका बांधला जाईल आणि पहिल्यांदा त्यावर आक्का बसतील. त्यांचे पाय हा प्रवास करायला आणि झोका घ्यायला अजून पुष्कळ वर्षे खणखणीत राहोत, हेच ईश्वराजवळ मागणे.

आणि आक्का, दुसऱ्या दिवशी एक पाठ घ्यावा लागेल. नियम तुमचाच आहे. आम्ही मागे बसून ऐकू.