एक वाजताचा रिपोर्ट

मागच्या उन्हाळ्यात बाबा कांद्याच्या रानात चक्कर येऊन पडले. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. वडूजच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "पूर्वी दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवायचं. आता रात्रीही गारवा पडत नाही. पुन्हा असं झालं तर माणूस हाती लागेलच असं नाही. अकरा ते चार रानात जायचं नाही."

बाबांना पटलं नाही. ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरुणपणीची चार वर्षं वाळवंटात काढून. "तितल्या वाळूवर आमी पापड भाजलाय," ते म्हणाले. "हितलं ऊन म्हंजे काय ऊन हाय?"

मी सांगलीत विश्रामबागला नोकरी करते. तिथून लक्ष ठेवणार कसं? म्हणून मी त्यांच्याच भाषेत मागणी केली: रोज दुपारी एक वाजता रिपोर्ट, स्वतःच्या आवाजात. शाळेत असताना मी एकदा डायरीवर त्यांची खोटी सही केली होती. तेव्हा ते ओरडले नाहीत. "खोट्या रिपोर्टानं शेजारचा मानूस मरतो," एवढंच बोलले होते. म्हणून मला हा उपाय पक्का वाटला.

यंदा पाडव्यापासून रोज मेसेज यायचा. "हवालदार घरात हजर. पंखा चालू. ताक पिलोय." तो ऐकल्यावरच मी डबा उघडायची.

एका दुपारी त्या मेसेजमागे दूधगाडीचा हॉर्न वाजला. आमच्या गल्लीत ती गाडी सकाळी सातला येते, नंतर नाही. मी तीनदा ऐकलं. फोन करून विचारणं माझ्याच्यानं झालं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटी पकडली.

पोहोचले तेव्हा आई सोप्यात बसली होती. मांडीवर बाबांचा फोन. मला बघून तिनं तो पालथा घातला.

"अगं, न सांगता कशी आलीस?"

"बाबा कुठायत?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "सकाळीच बोलून ठेवत्यात. एक वाजला की मी धाडते. तुज्या जिवाला घोर नको म्हनून."

"कधीपासून?"

"पाडव्यापासनं."

मी रानात गेले. बायका वाकून कांद्याची पात कापत होत्या आणि बाबा डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बांधावर उभे होते. चेहरा विटकरीच्या रंगाचा.

"मानसं उन्हात आन् हवालदार पंख्याखाली?" मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. "फौजेत असलं चालत न्हाई."

"आणि खोटा रिपोर्ट चालतो?"

ते कांद्यांकडे बघत राहिले. कडेची एक बाई हसली. "आवं ताई, त्यास्नी फोन करून इचारनारं कोन तरी हाय. आमास्नी कोन इचारतंय?"

माझ्या एवढ्या चोख व्यवस्थेत या बायका कुठेच नव्हत्या. मी बाबांना म्हणाले, मग सगळेच पहाटे पाचला कामाला लागा आणि अकराला रानातून उठा. बायका लगेच तयार झाल्या.

"बरं. शबुद दिला," बाबा म्हणाले.

निघताना मी त्या हसणाऱ्या बाईंचा नंबर घेतला, बाबांवर लक्ष ठेवायला. घेताना मला माझीच लाज वाटली.

पुढच्या सोमवारी बरोबर एकला मेसेज आला. हवालदार घरात हजर. आवाज स्वच्छ, मागे कसलाही हॉर्न नाही. मी त्या बाईंना फोन लावला.

"आमी अकरालाच उठलो, ताई. घरी हाय मी."

"आणि बाबा?"

ती म्हणाली, "त्येबी घरीच गेलं की."

तिच्या मागून, अगदी जवळून, बाबांचा दबका आवाज आला, "सांग, पंख्याखाली बसलाय म्हनून." आणि त्याच्याही मागे कांदे पाटीत पडल्याचा आवाज.

"पंख्याखाली बसल्यात," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.