कापडाचं विमान

शिवण्यापेक्षा उसवण्यावर बाईंचा भर जास्त असे. पनवेलच्या तळ्याजवळ चाळीस वर्षं त्यांनी शिवणक्लास चालवला, आणि नवीन आलेल्या मुलीला पहिले आठ दिवस त्या मशीनला हातसुद्धा लावू देत नसत. एखादं जुनं पोलकं समोर टाकायच्या, हातात अर्धं ब्लेड द्यायच्या आणि म्हणायच्या, "शिवायला कुणालाही येतं. आधी उसवायला शीक. कापडाला कळता कामा नये, की ते उसवलंय." माझी आई लग्नाआधी त्यांच्याकडे शिकायला जायची. आजही ती एखादी चुकलेली शिवण उसवायला बसली, की खोलीतलं बोलणं बंद करते.

मी बाईंना ओळखू लागले ते मात्र शिवणामुळे नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. बाईंच्या यजमानांना, अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. मला तिथे बोलावल्याचं कळलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "येलेवर जा. बाईंना उशीर झालेला चालत नाय."

पहिल्या दिवशी मी अण्णांच्या उजव्या हातासाठी बाजारातली तयार झोळी नेली होती. दुसऱ्या दिवशी गेले तर तिचे सगळे टाके काढून, पट्टा रुंद करून, आतून मऊ सुती अस्तर लावून ती पुन्हा शिवलेली होती. "तुझी पट्टी मानेला काचत होती," बाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. माझी चूक त्यांनी दुरुस्त केली होती आणि त्यांच्यापुरता विषय संपला होता.

अण्णा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. अतिशय नेटके, मितभाषी गृहस्थ. झटक्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'नाही'. पाणी हवं असलं तरी 'नाही', नको असलं तरी 'नाही'. समोरच्याचं बोलणं त्यांना सगळं कळायचं, फक्त स्वतःचा शब्द सापडायचा नाही. बोटांच्या व्यायामासाठी मी त्यांच्यापुढे ताटलीत राजमा आणि चवळी मिसळून ठेवली आणि निवडायला सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने ताटली सरळ खाली ढकलली. दाणे पार पलंगाखाली गेले.

बाई केरसुणी घेऊन आल्या. झाडता झाडता म्हणाल्या, "कडधान्यं नको देऊस त्यांना. पस्तीस वर्षं नकाशे काढलेत."

"मग त्यांना काय आवडायचं? हाताने करण्यासारखं?"

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. मग माळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती खोकी."

माळ्यावर विमानांच्या प्रतिकृतींची सात खोकी होती. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून विमान तयार करायचं, तसली. अण्णांनी ती तरुणपणापासून एकेक करून आणली होती आणि एकही उघडलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर करीन म्हणाले होते. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी खोकी तशीच. "का, तर बिघडेल म्हणून," बाई म्हणाल्या. "माझ्या कापडाच्या गाठोड्यांना या घरात जागा नव्हती. विमानांना होती." त्या आवाजातला राग जुना होता, पण शिळा झाला नव्हता.

त्यांनी हाताला लागलं ते खोकं काढलं, धूळ पुसून अण्णांच्या मांडीवर ठेवलं. झाकणावर हिरव्या-तपकिरी रंगाचं एक इंग्रजी लढाऊ विमान होतं, दुसऱ्या महायुद्धातलं. हरिकेन. अण्णांनी डावा तळवा त्या चित्रावर सपाट ठेवला आणि म्हणाले, "नाही." पण हा 'नाही' आजवरच्या कुठल्याही 'नाही'सारखा नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तो ऐकू आला होता.

सुरुवात वाईट झाली. बाईंनी चिकटपट्टी फाडली आणि चौकटीला लगडलेले भाग कापडाच्या मोठ्या कात्रीने तोडायला घेतले. अण्णा 'नाही, नाही' करत लालबुंद झाले. कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, हे त्यांना सांगायचं होतं. माहितीपत्रक जवळजवळ सगळं चित्रांचं आणि आकड्यांचं होतं, आणि बाईंना ते वाचायचा कंटाळा. त्या दिवशी दोघांचं इतकं बिनसलं की मी व्यायाम न घेताच निघाले.

पुढच्या खेपेला गेले तर दार उघडंच होतं. आतून अण्णांचा आवाज येत होता. "एक, दोन, तीन, चार..." मी दारातच थांबले. चालायचा सराव करताना मी त्यांच्याकडून पावलं मोजून घ्यायची. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडात पाढे, वार, मोजणी अशा ओळीने येणाऱ्या गोष्टी पुष्कळदा शिल्लक राहतात, हे मला शिकवलेलं होतं. पण त्याचा असा उपयोग मला सुचला नव्हता. बाई प्लॅस्टिकची चौकट हातात धरून अण्णांसमोर बसल्या होत्या. अण्णा एकापासून मोजत चालले होते. तेवीसला ते थांबले आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तेवीस नंबरचा भाग शोधला, नखं कापायच्या कटरने अलगद सोडवला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हे कधी सुरू झालं?" मी विचारलं.

"काल. तू मोजून घेतेस ना त्यांच्याकडून, म्हटलं बघू."

"पण साठावा भाग हवा असला तर?"

"तर साठपर्यंत मोजतील. मला कुठे जायचंय?"

असं ते काम सुरू झालं. बाईंच्या मुलीने नाशिकहून प्लॅस्टिकचा गोंद आणि बारीक ब्रश ऑनलाइन मागवून दिले. बाईंनी मात्र अजून ते मनावर घेतलं नव्हतं. अण्णांचं औषध म्हणून त्या ते करत होत्या, वेळेवर गोळी द्यावी तसं. ते बदललं एका दुपारी. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग घासायला घेतले होते. बाईंनी एक भाग खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शेपटीकडच्या भागावरून बोट फिरवत राहिल्या. पुढचा भाग गुळगुळीत होता. मागे मात्र लांब, उभ्या पट्ट्या होत्या आणि दोन पट्ट्यांच्या मधे किंचित खोलगट झोळ.

"अहो," त्या अण्णांना म्हणाल्या, "हे कापड आहे का?"

अण्णांनी 'नाही' म्हणत जोरजोरात होकारार्थी मान हलवली आणि पत्रकाकडे हात केला. मागे थोडा बारीक इंग्रजी मजकूर होता, तो मी वाचून दाखवला. खऱ्या हरिकेनचा पुढचा भाग धातूचा असे, पण मागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या लिननच्या कापडाचं, वरून लेप दिलेलं.

"लढाईचं विमान, आणि कापडाचं?" बाई खाली बसल्या. "मग शिवलं कुणी?"

ते पत्रकात नव्हतं. बाईंनी दोन्ही भाग पुन्हा उजेडात धरले. "बायांनीच शिवलं असणार. एवढं कापड ताणून सरळ शिवण धरायची म्हणजे..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पण त्या दिवसानंतर विमान पलंगाजवळच्या स्टुलावरून उठून त्यांच्या कापड कापायच्या टेबलावर गेलं. त्या टेबलावर अण्णांना आजवर चहाचा कपसुद्धा ठेवायची परवानगी नव्हती.

आता त्या अण्णांशी वाद घालू लागल्या. शिवणीवरचा गोंद वर आला की त्या तो ब्लेडने खरवडायच्या आणि अण्णा ओरडायचे. रंगाच्या वेळी तर आठवडाभर भांडण चाललं. बाई पत्रक घेऊन मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या, ब्लाउजपीसच्या ढिगातून एक गडद मेंदी आणि एक मातकट तपकिरी तुकडा घेऊन आल्या आणि त्यावरून रंग कालवू लागल्या. पोटाच्या बाजूला फिकट पिस्ता. अण्णा मान हलवायचे, त्या आणखी एक थेंब घालायच्या. एका माणसाकडे भांडायला एकच शब्द असताना इतकं कडाक्याचं भांडण होऊ शकतं, हे मी तिथे पाहिलं.

त्याआधी पंखांचा प्रकार झाला होता, तो सांगायला हवा. लुळा हातही कामात ठेवावा, म्हणून मी सुचवलं होतं की उजवा पंख चिकटवल्यावर गोंद वाळेपर्यंत तो अण्णांच्या उजव्या हाताखाली ठेवावा. हात हलत नव्हता, वजन म्हणून चालला असता. अण्णांना ते पटलं. ते फार गंभीरपणे बसले होते. अर्ध्या तासाने हाताला एकदम झटका आला, अशा हातांना कधी कधी येतो तसा, आणि पंख खाली झुकला. आम्हांला कळेपर्यंत तो तसाच वाळला होता.

अण्णांनी टेबलाकडे पाठ फिरवली. चार दिवस त्यांनी व्यायाम केला नाही, मोजलं नाही, जेवणही दोन घासांवर आलं. 'नाही'सुद्धा बंद झालं. चूक माझी होती आणि मी बाईंना तसं सांगितलं. "चूक कुणाची ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्यांनी अण्णांची खुर्ची ओढून टेबलासमोर वळवली आणि अर्धं ब्लेड काढलं.

"अहो, इकडे बघा."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"बघू नका. पण मी उसवणार आहे."

गोंदाने प्लॅस्टिक एकजीव झालं होतं. ते काही दोऱ्याचे टाके नव्हते. बाई जोडावर ब्लेड टेकवून, श्वास धरून, केसाएवढं पुढे सरकवत होत्या. बराच वेळ ते ठीक चाललं. मग ब्लेड सटकलं आणि पंखावर एक लांब चरा उमटला. चाळीस वर्षांत बाईंच्या हातून असं कापड फाटलेलं कुणी पाहिलं नसेल. बाई त्या चऱ्याकडे पाहत राहिल्या. अण्णांनी आवाजाने डोळे उघडले होते.

"झालं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी तुमच्या हातून बिघडलं, आता माझ्याही. आता काय करायचं?"

अण्णांनी पंखाकडे पाहिलं, मग बाईंकडे. डावा हात पुढे केला. तोंड दोन-तीनदा उघडलं आणि मिटलं.

"दे," ते म्हणाले.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पंख अण्णांच्या हातात ठेवला, पॉलिश पेपरचा तुकडा शेजारी ठेवला आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या. मी मागोमाग गेले. गॅस पेटवलेला नव्हता. ओट्याला टेकून उभ्या होत्या. "पन्नास वर्षं ह्यांचं 'दे' ऐकत आले," त्या म्हणाल्या. "टॉवेल दे, चहा दे, पेन दे. इतका कंटाळा आला होता त्या शब्दाचा." मग पदराने तोंड पुसून त्यांनी गॅस पेटवला.

विमान पुरं व्हायला गणपतीपासून जवळजवळ होळी आली. पंखांवरच्या गोल खुणांची, भिजवून चिकटवायची कागदी चित्रं इतकी जुनी होती, की पाण्यात घालताच त्यांचा चुरा झाला. तेव्हा अण्णांनी कपाटाकडे हात केला आणि 'दे' म्हणाले. त्यांना कंपास हवा होता. बाईंनी कागद घट्ट धरला आणि अण्णांनी डाव्या हाताने एकात एक वर्तुळं काढली. पहिली दहा-बारा वाकडी गेली. बाईंनी एकही फेकलं नाही, रंगवून कापून घेतली आणि त्यांतली बरी होती ती लावली. ते विमान प्रदर्शनात ठेवण्यासारखं झालं नव्हतं. उजव्या पंखावरचा चरा, भरूनही, तिरप्या उजेडात दिसायचा.

अण्णांना पुढे दहा-पंधरा शब्द आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने पक्षाघाताचा दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा घरात माणसं होती. बाई कमी बोलत होत्या. सगळी गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही अण्णांसाठी फार केलंत."

"अगं, सुरुवातीला त्यांच्यासाठी केलं," त्या म्हणाल्या. "नंतर नाही. नंतर मला त्यांच्याशी भांडायला मिळतं म्हणून केलं. आधी कधी भांडलोच नव्हतो ना आम्ही. ते नकाशांत, मी शिवणात."

त्यांचं ते वाक्य माझ्या कामात माझ्याबरोबर राहिलं आहे. आता कुठल्याही नव्या घरी गेले, की मी पेशंटला काय होतंय हे विचारण्याआधी घरातल्या माणसाला विचारते, तुम्ही दोघं एकत्र काय करत होता? पुष्कळदा उत्तर यायला वेळ लागतो. मी थांबते.

पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना नाशिकला न्यायला आली. घर आवरलं होतं. विमान साडीच्या खोक्यात, चारी बाजूंनी चिंध्या लावून, बाईंच्या मांडीवर जाणार होतं. उरलेली सहा खोकीही गाडीत चढली होती. "एखादं उघडून बघेन," त्या म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांची नजर माझ्या कुर्त्याच्या दुमडीवर गेली. बाजूला वीतभर उसवली होती, स्कूटरला अडकून.

"थांब," त्या म्हणाल्या. मुलगी गाडीतून उशीर होतोय म्हणत होती. बाईंनी पर्समधून सुई-दोरा काढला, तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि मला जवळ ओढलं. मग कुंडीतली गवताची एक काडी खुडून माझ्या हातात दिली. "तोंडात धर. जिवंत माणसाच्या अंगावर असं शिवत नाहीत. काडी धरली की दोष लागत नाही."

मी काडी दातांत धरली. बाई खाली मान घालून बारीक, जवळजवळ टाके घालत होत्या. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, त्यासाठी मी वाटेत वाक्यंही जुळवून आणली होती. त्यांनी दोरा दाताने तोडला, दुमड अंगठ्याने दाबून सपाट केली, माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा काडी अजून माझ्या तोंडातच होती.