बार्ब्रूचा होकार

‘उणे एकतीस’ या रेकॉर्डच्या पाठीमागे तीन नावं छापली आहेत. तोर्गनी विकस्ट्रोम, बार्ब्रू विकस्ट्रोम आणि आस्ता लिंड. तिसरी मी. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, आणि सिंथेसायझरचा तो गुंईगुंई आवाज पहिली दहा वर्षं मला डोक्याला ताप वाटत होता. तरी माझं नाव तिथे आहे, आणि ते हक्काचं आहे.

स्टॉकहोमच्याही पार उत्तरेला असलेल्या आमच्या लिडसेले गावात लोकगृहाच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या, तळघरात तालमीची खोली आहे. ती फुकट मिळते, पण अभ्यासमंडळ म्हणून नोंद करावी लागते. मंडळ म्हटलं की निदान तीन माणसं हवीत, आणि दर वेळी हजेरीच्या कागदावर तिघांच्या सह्या. तोर्गनी आणि बार्ब्रू ही नवराबायको दोघंच. मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते आणि लोकगृहाच्या किल्ल्याही माझ्याकडेच असायच्या. अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तोर्गनी टोपी हातात धरून माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“आस्ता, आमच्या कागदावर सही करत जाशील का? यायची काही गरज नाही.”

“न येता सही? मी काय लबाड वाटले तुला? सही करायची तर येऊन बसेन.”

“कंटाळशील गं.”

“कंटाळेन तर कंटाळेन. विणकाम घेऊन येते.”

तेव्हापासून एकतीस वर्षं, दर रविवारी दुपारी, मी त्या तळघरात बसले. किती मोजे आणि किती स्वेटर त्या गुंईगुंईत विणून झाले, सांगता येणार नाही. पुढे जे सांगते आहे ते ऐकीव नाही, एवढंच म्हणायचंय.

तोर्गनी शाळेची बस चालवायचा. उंच, जरा पोक काढून चालणारा, मनाने निर्मळ माणूस. दोष म्हणाल तर एकच. समोरच्याला ‘हे बरोबर नाही’ असं त्याला सांगताच यायचं नाही. सुताराने त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उलट्या बाजूने बसवलं आणि विचारलं, ठीक आहे ना? हा म्हणाला, छान आहे. पुढची अकरा वर्षं दोघं त्या दाराला वळसा घालून साखरेचा डबा काढत होती. न्हाव्याने कान कापला असता तरी त्याने आभार मानले असते. मला असल्या माणसांचा राग येतो. बार्ब्रूला मात्र हसू यायचं.

ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. बोलणं अगदी मोजकं. आमच्या उत्तरेकडे ‘हो’ म्हणायला कुणी फारसं तोंड उघडत नाही. ओठ जरा पुढे काढायचे आणि हवा झटकन आत ओढायची. गरम कॉफीचा पहिला घोट घेताना होतो तसा आवाज होतो, आणि झाला होकार. सगळेच तसं करतात, मीही करते. पण बार्ब्रूचा होकार वेगळा ओळखू यायचा. तोर्गनी वाद्यांच्या ढिगात डोकं खुपसून ‘असं चालेल?’ म्हणायचा, आणि मागून तो छोटासा श्वास आला की न वळता पुढे जायचा. आणि नकार? तो आमच्याकडे शब्दात देत नाहीत. उत्तर आलं नाही, की तेच ‘नाही’. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

त्यांच्या गाण्यांत फार काही घडत नसे. बसचा हीटर घरघरावा तसा खालचा सूर, वर दोन-तीन स्वर, आणि त्यावर बार्ब्रूचा सरळ, साधा आवाज. रडगाणं नाही, की लाडीगोडी नाही. हळूहळू मला ते आवडायला लागलं. मी कबूल केलं नाही, ती गोष्ट वेगळी. तीस-चाळीस गाणी झाली, पण रेकॉर्ड काही होईना. “अजून थोडं राहिलंय,” तोर्गनी म्हणायचा. असं म्हणता म्हणता त्याचे केस पांढरे झाले.

बार्ब्रूच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिची जीभ जड व्हायला लागली. उमेओच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्याचा अर्थ असा, की आधी आवाज जाणार, मग गिळणं, मग श्वास. पुढच्या रविवारी दोघं नेहमीसारखी तळघरात आली. तोर्गनी वायरी जोडत बसला. बार्ब्रूने कोटसुद्धा काढला नाही.

“पुरे आता अजून थोडं,” ती म्हणाली. शब्द एकमेकांना चिकटत होते. “रेकॉर्ड कर. मला ऐकून जायचंय. पुरी झालेली.”

तोर्गनीने हातातली वायर खाली ठेवली. मग त्याने तो आत ओढलेला श्वास घेतला, आणि त्या दिवसापासून खरोखर काम सुरू झालं.

जानेवारी ते एप्रिल. सकाळची फेरी झाली की दुपारच्या फेरीपर्यंत तो मोकळा असायचा. मी तेव्हा निवृत्त होते, रोज जायचे. थर्मासमध्ये कॉफी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यात टाकायला चीजचे तुकडे, आणि बार्ब्रूसाठी पातळ केलेली लापशी. पहिली पाच गाणी तिने उभ्याने म्हटली. सहावं बसून. सातव्या-आठव्यात तिचे शब्द बोबडे झालेत, ऐकणाऱ्याला ते कळतं, आणि तोर्गनीने ते तसेच ठेवले. ती त्याची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

नववं गाणं शेवटचं. उणे एकतीसच्या थंडीत पहाटे बसचं इंजिन गरम करून ठेवलेला नवरा दारातून बायकोला चार प्रश्न विचारतो, आणि ती गाऊन उत्तरं देते, असं ते होतं. पण एप्रिल लागला आणि बार्ब्रूचा आवाज पूर्ण गेला. तोर्गनी म्हणाला, मी माझ्या ओळी तरी भरून ठेवतो. माइक सुरू केला आणि गायला लागला.

‘इंजिन तापलंय, येतेस ना?’

आणि बार्ब्रूच्या चाकांच्या खुर्चीतून तो श्वास आला. तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, तिने उत्तर दिलं. गाणं चालू होतं, म्हणून तोर्गनीने पुढचा प्रश्न विचारला.

‘दार लोटून घेऊ का?’ श्वास.

‘हात गारठलेत का?’ श्वास.

‘मी असाच आहे, चालेल ना तुला?’

या वेळी जरा उशीर लागला. मग तोही आला, आधीच्या तिन्हींपेक्षा मोठा. माझ्या सुईवरचे टाके कधी सुटले मला कळलं नाही. मी ढसाढसा रडले. मला रडताना पाहून बार्ब्रूचे खांदे हसून हलायला लागले.

रेकॉर्डवर शेवटचा हात फिरवायला तोर्गनीने सगळं रेकॉर्डिंग ते काम करणाऱ्या तूवा नावाच्या एका मुलीकडे पाठवलं. ती पार दक्षिणेला, माल्मोत राहते. हुशार आणि कामाची पक्की. मे महिन्याच्या अखेरीस तिच्याकडून सगळं परत आलं, सोबत चिठ्ठी: ‘शेवटच्या गाण्यात माइकजवळ कुणीतरी श्वास घेतल्याचे चार आवाज होते, ते साफ केलेत. ठीक आहे ना? हो म्हणालात की छापायला देते.’

दक्षिणेकडचे लोक असं ‘हो’ म्हणत नाहीत. तिला कुठून कळणार? तिचा काय दोष?

आम्ही तिघं स्वयंपाकघरात ऐकायला बसलो. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. आठ गाणी अशी सुंदर झाली होती की मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना. बार्ब्रू डोळे मिटून ऐकत होती. मग नववं लागलं. तोर्गनीचा आवाज विचारतो, येतेस ना? आणि पुढे काही नाही. दार लोटून घेऊ का? काही नाही. चारी प्रश्न तसेच गेले. बार्ब्रूने डोळे उघडले होते.

गाणं संपलं. तोर्गनीने विचारलं, “छान झालीय, ना?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. श्वास आला नाही.

“थकलीस का?”

तिने नजर हलवली नाही. तो उठला आणि उगाच खिडकी पुसायला लागला. आणि मी? बूट न पुसता आत आलेल्या पाद्रीबुवालासुद्धा झापणारी मी, कपबशा गोळा करत बसले. निघताना तो दारापर्यंत आला.

“ती मुलगी शिकलेली आहे, आस्ता. तिला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. आणि परत करायला सांगायचं म्हणजे तिला त्रास. वेळही जाणार.”

“हं,” मी म्हणाले आणि घरी गेले. त्या ‘हं’ची मला आजही लाज वाटते. तोर्गनीने तूवाला लिहिलं, छान झालंय. अकरा दिवसांनी बार्ब्रू गेली.

ऑगस्टमध्ये रेकॉर्ड बाहेर आली. तीनशेच प्रती, पण रेडिओवर वाजली, आणि स्टॉकहोमच्या एका मोठ्या पेपराने अर्धं पान दिलं. त्यात लिहिलं होतं, शेवटच्या गाण्यात पुरुष विचारत राहतो आणि स्त्री उत्तर देत नाही, हे मौन म्हणजे या रेकॉर्डचं सर्वांत मोठं धाडस. मी तो पेपर वाचला आणि चुलीत घातला. गावात लोक तोर्गनीला थांबवून म्हणायचे, “वाईट नाहीये हं.” आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक करत नाहीत.

सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी लोकगृहात कॉफीपान ठेवलं. वर मोठ्या हॉलमध्ये, साठेक माणसं. कोळंबी आणि अंडी घालून केकसारखे रचलेले भलेमोठे सँडविच, दालचिनीचे पाव, टेबलावर बार्ब्रूचा फोटो. रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावली. माणसं हातातले कप तसेच धरून ऐकत होती. शेवटचं गाणं आलं, आणि पहिल्या प्रश्नानंतर हॉल बदलला. कुणी कुणाकडे बघेना. दुसरा, तिसरा. चौथ्या प्रश्नाला तर मागच्या रांगेतली दोन माणसं उठून बाहेर गेली. स्टॉकहोमवाल्यांना जे धाडस वाटलं, ते आमच्या माणसांना नवराबायकोचं उघड्यावर आलेलं भांडण वाटलं. मेलेल्या बाईने भर सभेत नवऱ्याला चार वेळा ‘नाही’ म्हटलं होतं.

बार्ब्रूबरोबर वीस वर्षं भांडी घासलेली हिलेवी पुढे आली. तिला आडपडदा माहीत नाही.

“तोर्गनी, तुमचं काही बिनसलं होतं का रे शेवटी? बार्ब्रूने कधी कुणाला बिनउत्तराचं ठेवलं नाही. आश्रमात भ्रमिष्ट म्हातारे तोच प्रश्न शंभरदा विचारायचे, शंभरदा उत्तर द्यायची ती.”

मी उठणार होते. यालाच बोलता येत नाही, तर आपण सांगून टाकावं. पण तोर्गनी उभा राहिला.

“तिने उत्तरं दिली होती,” तो म्हणाला. “चारीची. त्या मुलीने चुकून काढली. मला ते कळलं होतं. तिलाही कळलं. मी तिला विचारलं, छान झालीय ना, तर ती गप्प राहिली. थकलीस का विचारलं, तेव्हाही. तेहतीस वर्षांच्या संसारात बार्ब्रूने मला एवढंच एक ‘नाही’ म्हटलं, आणि मी ते ऐकलं नाही. का, तर माल्मोच्या मुलीला वाईट वाटेल.”

त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तूवाला लावला.

“तोर्गनी बोलतोय. शेवटचं गाणं चुकीचं आहे. मी छान आहे म्हणालो ते खोटं होतं. ते चार आवाज परत घालायचे.”

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. तोर्गनीने ऐकून घेतलं.

“नुसते श्वास नव्हते, पोरी. ते ‘हो’ होतं. आम्ही असंच म्हणतो.”

मग बराच वेळ तो ऐकत उभा होता. ती रडत होती हे मला समोरून कळत होतं. “रडू नकोस,” तो म्हणाला. आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हा विरघळणार, राहू दे म्हणणार. “रडू नकोस,” तो म्हणाला, “पण घाल.”

हिलेवीने त्याच्यासाठी कॉफी ओतली आणि शेजारी बसून राहिली.

ऑक्टोबरात दुसरी छपाई झाली. तूवाने रात्रंदिवस खपून ती केली, आणि पहिलीच्या उरलेल्या प्रती परत घेतल्या. स्टॉकहोमच्या त्याच शहाण्याने पुन्हा चार ओळी लिहिल्या, की नव्या प्रतीत मौन मोडल्यामुळे गाण्याची धार गेली. त्याला काय कळतंय, कप्पाळ.

पहिली प्रत आली त्या दिवशी तोर्गनीने मला बोलावलं. आम्ही त्याच स्वयंपाकघरात बसून नववं गाणं लावलं. येतेस ना? श्वास. दार लोटून घेऊ का? श्वास. हात गारठलेत का? श्वास. शेवटच्याला तो उशीर, आणि मग तोही. खोलीत बार्ब्रू बसली आहे असं वाटलं मला. मी डोळे पुसले.

“झालं बाबा एकदाचं,” मी म्हटलं. “आली सगळी जागेवर.”

त्याने रेकॉर्ड उचलली, कडेला धरून पाकिटात घातली, पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसला.

“रेकॉर्ड सुधारली, आस्ता,” तो म्हणाला. “पण बार्ब्रू ऐकून गेली ती चुकीचीच.”