कुलपाकडं बघा

"माझ्याकडं बघू नका, कुलपाकडं बघा." जत्रंत सोंग घेतल्यावर तो लोकास्नी हेच सांगायचा. अन लोक त्याच्याकडंच बघायचे.

तो आमच्या गावात लाकडाच्या गिरणीवर कामाला होता. राजेश्वर गावाकडनं आलेला, शेजारच्या खोलीत राहायचा. मला आक्का म्हनायचा. आमच्या जत्रंत सोंगं निघतात. कुणी राक्षस होतंय, कुणी पोलीस. ह्यानं माझ्या मेलेल्या लेकीचं सोंग घेतलं.

लेक बाळंतपणाला आलती. कळा सुटल्या तशी तिला गावातल्या दवाखान्यात नेलं, तर दाराला कुलूप. नर्सबाई कधीमधीच यायच्या. त्या पायरीवरच लेक गेली, पोटातलंबी गेलं. रडून काय व्हतंय? सुतक फिटलं अन मी तूर झोडायला गेले.

तो तिची हिरवी साडी मागायला आला, तवा मी म्हन्ले, "सोंगानं दवाखाना उघडतोय व्हय रे?"

"न्हाई उघडला तर साडी परत देतो, आक्का."

जत्रंच्या दिवशी दिवेलागणीला त्यानं साडी नेसून विहिरीत बुडी मारली अन निथळत चालत आला. दवाखान्याच्या पायरीवर टेकला, दार वाजवलं अन म्हन्ला, "माय, पाय गार पडायलेत."

हे लेकीचे शब्द. शेवटचे. मी कुणालाच सांगितले नव्हते.

मागून विचारलं तर म्हन्ला, मला काय ठाव, साडी नेसली की तोंडात येतंय. अन ओली साडी माझ्या हातात दिली. "वाळत घाला, आक्का." वाळल्यावर परत घेऊन गेला, दवाखाना उघडस्तवर माझ्याकडंच ठेवतो म्हन्ला.

लोकांनी काय केलं बघा. बायांनी सोंगाची ओटी भरली. कुलपाला हळद-कुंकू लावलं. दर जत्रंला सोंग, दर जत्रंला नारळ. माझ्या लेकीची देवी झाली. पंचायतीतले अण्णा म्हनायले, हितं देऊळ बांधू, दवाखान्याचं मागून बघू. तो चिडून नारळ लाथाडायचा. बाया म्हनायच्या, अंगात आलंय. अन आणखीन पाया पडायच्या.

औंदा उन्हाळ्यात तो तापानं गेला. त्याला दवाखान्याकडं कुणी नेलंबी न्हाई, कुलूप सगळ्यास्नी ठाव होतं. मी त्याची खोली झाडली, तर साडी कुठंच न्हाई.

जत्रा आली. सोंग नव्हतं, तरी लोक सवयीनं पायरीपुढं जमले. बघायला माणूस न्हाई, म्हणून सगळे कुलपाकडं बघायले.

तवा दार वाजलं. आतून.

गिरणीवरल्या माणसांनी पहार आणली अन कुंकवानं थापलेलं कुलूप तोडलं. आत माणूस न्हाई. धूळ, लोखंडी खाट, अन खाटंवर हिरवी साडी. ओली.

त्या दिवसापासनं बाया पायरीवर बसल्या. नर्सबाई आल्याबिगर दाराला कुलूप लावू देत न्हाई म्हन्ल्या. अण्णास्नी तालुक्याला हेलपाटे घालावे लागले.

आता नवी नर्सबाई हितंच दवाखान्यात राहतीय. परवा मला विचारायली, "आक्का, खाटंवरली ही साडी रोज सकाळी ओली कामून असती?"

मी साडी उचलली. पिळली, अन वाळत घातली.