बेचाळीस बायका, एक नंबर

ललिता मूळची पुसदकडची. बारा वर्षांपूर्वी नवऱ्यामागोमाग पुण्यात आली आणि हडपसरच्या एका आयटी पार्कात झाडू-पोछाच्या कामाला लागली. त्या कामाला तिथे हाउसकीपिंग म्हणतात. इंग्रजी नाव दिलं म्हणून लादी आपोआप पुसली जात नाही. पाचव्या मजल्याची पॅन्ट्री तिच्या ताब्यात होती. कॉफीच्या मशीनपासून सिंकपर्यंत सगळं असं लख्ख ठेवायची की लॅपटॉपवाली पोरं आत येताना बूट झटकायची. तिला त्याचा माज होता, आणि तो असायलाच हवा.

कंत्राटदाराचा एक नियम होता. आत जाताना बायकांनी आपापला मोबाइल गेटवरच्या लोखंडी कपाटात ठेवायचा, सुटताना घ्यायचा. वर फोटो-बिटो नकोत म्हणे. साहेब लोकांच्या खिशात दोन-दोन फोन, ते चालतात. बायकांनी महिनाभर कुरकुर केली, मग तीही थांबली.

करोना ओसरल्यावर दिवाळीनंतर पार्कात आरोग्य शिबिर लागलं. एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं टेबलं मांडून बसली. मागे बोर्ड : ‘तुमचे रिपोर्ट, तुमच्या मोबाइलवर. शंभर टक्के सुरक्षित.’ नाव नोंदवायचं तर मोबाइलवर ओटीपी यायला हवा, आणि बेचाळीस बायकांचे मोबाइल खाली कपाटात. आणायला सोडायचं म्हणजे कामाचा खोळंबा. सुपरवायझर सुदर्शन पुढे झाला.

“माझा नंबर टाका हो सगळ्यांना. मी सांगतो ओटीपी फटाफट.”

बेचाळीस वेळा त्याचा फोन वाजला. बायकांनी वर त्याला थँक्यू म्हटलं. ललितानंही म्हटलं.

फेब्रुवारीत तिचा खोकला तीन आठवडे हटेना. कामावर उबळ आली की ती बाथरूमचा नळ सोडायची आणि त्या आवाजात खोकून घ्यायची. कुणाला कळू दिलं नाही. शनिवारी हाफ डे टाकून ती त्याच हॉस्पिटलात गेली. सोबत लोणी काळभोरच्या सुशीलाबाई, चौथ्या मजल्यावर काम करणाऱ्या. त्यांच्या पोटात बरेच दिवस दुखत होतं. ललिताचा एक्स-रे काढला, थुंकी घेतली; सुशीलाबाईंचं रक्त घेतलं, पोटाचा स्कॅन केला.

“रिपोर्ट ॲपवर येतील,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“आन ॲप कुठं येतं?” सुशीलाबाईंनी विचारलं.

“मोबाइलमध्ये, मावशी. येईल तेव्हा येईल. चला, बस जाईल,” ललिता म्हणाली.

सोमवारी सकाळी सुदर्शन पॅन्ट्रीच्या दारातच थांबला. एरवी आत येऊन स्वतःच्या हातानं कॉफी घेणारा माणूस. आज तोंडाला रुमाल.

“ललिताताई, आजपासून तुम्ही बेसमेंटला. पार्किंग झाडायचं.”

“काहून? माझं काही चुकलं का?”

“छे हो! मोकळी हवा मिळेल तुम्हाला.”

“गाड्यांच्या धुरात मोकळी हवा?”

“आणि डबा जरा बाजूला बसून खात जा. तब्येतीला जपा, ताई.”

आवाज इतका गोड की ललिताच्या अंगावर काटा आला. दिवसभर ती पार्किंग झाडत राहिली आणि एकच विचार करत राहिली : याला कुणी सांगितलं? आणि काय सांगितलं?

संध्याकाळी मोबाइल घेऊन तडक हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर तनया वयानं लहान, पण बोलायला नीट. त्यांनी स्क्रीन पाहिली.

“टीबी आहे. घाबरू नका, बरा होतो. सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही. आत्ता दोन-तीन आठवडे घरी राहा, मी चिठ्ठी देते. मग तपासू, आणि खुशाल कामावर जा. पण तुम्ही रिपोर्ट पाहिला नाहीत? काल दुपारी उघडलेला दिसतोय.”

“मी नाही उघडला.”

“मग रिपोर्ट कोणत्या नंबरवर जातो ते काउंटरवर विचारा,” डॉक्टर म्हणाल्या.

काउंटरवरच्या मुलीनं नंबर वाचून दाखवला. शेवटी एकसष्ट. सुदर्शनचा.

“हा काढा. माझा टाका.”

“टाकते ना. जुन्या नंबरवर ओटीपी गेलाय, दोन मिनिटांत सांगा.”

“अहो, जुना नंबर त्याचा आहे!”

“मग त्यांना विचारा. सुरक्षिततेसाठी असतं ते.”

“कोणाच्या?”

स्क्रीनवर सेकंद उलटे पळायला लागले होते. ललितानं सुदर्शनला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला, जणू हातात धरूनच बसला होता.

“आलाय, ताई, आलाय. देतो की. फक्त उद्या ऑफिसात एका कागदावर सही करून टाका.”

“कसला कागद?”

“घरच्या अडचणीमुळे स्वखुशीनं काम सोडते, एवढंच. उगाच मजल्यावर बोभाटा झाला तर मी कोणाकोणाचं तोंड धरू?”

“डॉक्टर म्हणतात, बरी झाल्यावर काम करता येतं.”

“पगार काय डॉक्टर देणारेत?”

पंधरा सेकंद उरले होते. नोकरी गेली तर खोलीचं भाडं नवऱ्याच्या एकट्याच्या हमालीवर निघणार नव्हतं. तो पलीकडे वाट बघत श्वास घेत होता, तेही ऐकू येत होतं.

“सुदर्शन,” ललिता म्हणाली, पहिल्यांदाच ‘सर’ न लावता, “छाती माझी, थुंकी माझी. तू कोण रे किल्ली ठेवणारा?”

तिनं फोन ठेवला. ओटीपीची मुदत संपली.

मग तिनं काउंटर डोक्यावर घेतलं. आधार कार्ड आपटलं, लेखी अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलली नाही. “सात दिवस लागतील,” मुलगी हळूच म्हणाली. तोवर? तोवर जुनाच नंबर चालू. बंद करा म्हटलं, तर बंद करायलाही ओटीपी लागत होता.

मंगळवारी सकाळी मास्क बांधून ती रजेची चिठ्ठी द्यायला गेटवर गेली. वॉचमन दत्तोबांनी यादीवर बोट फिरवलं आणि मान वर केलीच नाही.

“ताई, तुमचं नाव काढलंय.”

तिला ते अपेक्षितच होतं. “दाखवा यादी. कोणाच्या सहीनं काढलं ते बघू दे.”

त्यांनी कागद फिरवला. दोन नावांवर लाल रेघ होती. पहिलं तिचं. दुसरं सुशीलाबाईंचं.

तेवढ्यात लोणीच्या बसमधून उतरून सुशीलाबाई आल्याच, डबा छातीशी धरून. “का गं, गेटावरच सभा भरवली व्हय?”

“मावशी, लांबूनच बोलते, जवळ येऊ नका. तुमचा रिपोर्ट आला का?”

“न्हाय अजून. यील की.”

“नाही यायचा, मावशी, आपले रिपोर्ट त्या सुदर्शनच्या मोबाइलवर जातात.”

दत्तोबांनी यादी पालथी घातली, पण लाल रेघ सुशीलाबाईंना दिसली होती. त्यांनी आधी दत्तोबांकडे पाहिलं, मग ललिताकडे.

“त्या सुदर्शनला म्हायती हाय आन मला न्हाय, असं काय झालंय गं मला?”

ललिताला कुठं ठाऊक होतं? “चला,” ती म्हणाली, “डॉक्टरच्या तोंडूनच ऐकू.”

हॉस्पिटलच्या रस्त्यानं सुशीलाबाई चार हात मागून चालत होत्या. “काय नसंल गं,” त्या म्हणाल्या. सिग्नलपाशी पुन्हा म्हणाल्या. हॉस्पिटलचं फाटक दिसलं, तेव्हा मात्र त्यांनी डबा पुन्हा छातीशी धरला.