वरून टाका

आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या, मिलमधून थकून आलेल्या बाबांच्या तोंडी तर चांगल्या खणखणीत असायच्या, पण 'विटाळ' म्हणायचं नाही. दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्या मते हा शब्दही तिथंच बुडाला. वर्षातून एकदा तेवढा वर यायचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परतलो की बाबा लहानपणची गोष्ट सांगत. पारशिवनीकडच्या त्यांच्या गावात तहान लागली तर ओंजळ धरून उभं राहायचं. देणारी बाई वरून पाणी सोडायची. भांड्याला हात लागायला नको.

मी बी.ए.ला असताना माझं हात धुणं सुरू झालं. आधी दाराच्या कडीला हात लागला की, मग कुणाचा पदर घासून गेला तरी. धुवायचं, पटायचं नाही, परत धुवायचं. हा वेडेपणा आहे हे मला चांगलं कळत होतं आणि म्हणूनच स्वतःचा जास्त राग यायचा. कळून करता काय? पाय आपले मोरीकडे निघालेले असायचे. कातडी फाटून रक्त यायचं, त्या रक्ताचीही शिसारी यायची आणि मी पुन्हा मोरीवर. वस्तीच्या नळावरच्या बायांना आयता विषय मिळाला. "सोवळ्याची झाली वं तुही पोरगी," त्या आईला म्हणायच्या. आई हसण्यावारी न्यायची. बाबांच्या कानावर आलं की ते चपला घालून बाहेर निघून जायचे.

शेवटी त्यांनीच मला सदर भागातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "हाताला काय लागलंय असं वाटतं? घाण?"

मी शब्द शोधत राहिले. घाण साबणानं जाते, हे जात नव्हतं. त्याला मला एकच शब्द येत होता आणि तो बाबांच्याच गोष्टीतून आलेला होता.

"विटाळ," मी म्हणाले.

बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते. "आमी तर तो सोडला, साहेब," ते हळूच म्हणाले. "हिनं कुठून आनला?"

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. खरं तर ही उदासीची गोळी, म्हणाले.

"पन पोरगी उदास नाई ना, साहेब. धुऊन राहिली."

"धुणंही कमी होतं यानं. का होतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. पण लगेच गुण येणार नाही, धीर धरा."

ओल्या हातात गोळी विरघळून जायची, म्हणून ती द्यायचं काम बाबांनी घेतलं. पहिल्या सकाळी त्यांची बोटं माझ्या तळव्याला लागली आणि मी गोळी टाकून मोरीकडे पळाले. दुसऱ्या सकाळी मी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "बाबा, वरून टाका."

बोलून गेले आणि मग कळलं. बाबांनी हात उंच केला आणि गोळी माझ्या ओंजळीत सोडली. गोष्ट तीच होती, फक्त उलटी. या वेळी विटाळ होता तो वरच्या हाताचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी दुसऱ्या दिवशी ओंजळ तशीच पुढं झाली. रोज होत राहिली.

गोळीनं आधी तोंडाला कोरड पडली, भाकर घशाखाली उतरेना. वर्गात डोळे मिटायचे. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग एके दुपारी शेंगदाणे खाताना लक्षात आलं, आपण कडी लावून आलो आणि हात धुतलेच नाहीत. आनंद सोडा, मी घाबरलेच. धुण्याची हाक गेली नव्हती. ती आता शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी यायची. ऐकू यायची, पण उठायलाच हवं असं नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी मी ओंजळ केली नाही, एकच हात पुढं केला. बाबांचा हात सवयीनं वर गेलाच होता.

"बाबा, हातात द्या."

"राहू दे वं. मंग धूत बसशीन."

मी त्यांचं मनगट धरलं. तळवा पेटल्यासारखा झाला, मोरी डोळ्यांपुढं आली. तरी सोडलं नाही. बाबा हालले नाहीत. मग त्यांनीच अलगद हात काढून घेतला.

"जाय, धुऊन घे," ते म्हणाले. "मले राग नाई येत आता."

मी धुतले नाहीत. त्यांच्यासमोर तशीच बसून राहिले, ते कामावर निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच हात पुढं केला, तरी गोळी वरूनच पडली.